काट्याच्या जागी

“रोलरचा घेऊ का हबचा, एवढंच विचारतोय, आक्का.”

“आणि मी एवढंच इचारतीया, कुणासाठी?”

“गॅरेजसाठी.”

“गॅरेज घाट चढतंय व्हय?”

सुकुमार मगदूमनं कप बाजूला सारला. गप्प बसणं त्याच्या रक्तात नव्हतं.

“चहा निवून गेला तरी तुम्ही सरळ उत्तर देईना झालाय.”

“सरळ इचारलंस तर सरळ दीन की.”

सोमवार होता. उद्यमनगराला सुट्टी. एरवी या गल्लीत लेथ, ड्रिल आणि घणाच्या आवाजात शेजाऱ्यानं दिलेली शिवीसुद्धा ऐकू येत नाही. आज तानाक्का लोहारांच्या शेडमध्ये कप बशीवर टेकला तरी कानाला लागत होता. भांडायला असा दिवस वाईट. जे बोलाल ते सगळं ऐकू येतं.

तानाक्कानं जन्मात शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं आणि त्याचं तिला काडीइतकं वाईट वाटत नव्हतं. नवरा गेल्यावर शेड तिनं चालवली. विहिरीवरची ऑइल इंजिनं उघडली, जोडली, तपासली. उद्यमनगरात बाईमाणसाला कुणी खुर्ची पुढं केली नाही. तिनंही वाट पाहिली नाही, घरचं स्टूल आणून बसली. मिसरूड फुटायच्या आधी सुकुमार त्या स्टुलापाशी आला आणि पाना धरायला शिकला. पुढं तो मोटारींकडं वळला. शर्यतीच्या गाड्यांत त्याचं नाव झालं, सांगली-बेळगावहून लोक गाड्या घेऊन यायला लागले. नाव झालं की माणूस गुरूकडं कमी जातो आणि आरशाकडं जास्त, हे जगाचंच आहे.

पण दिवाळीपासून तो या गल्लीत फिरकला नव्हता, त्याचं कारण नाव नव्हतं. कारण बजरंग होता.

बजरंग तानाक्काचा एकुलता एक. दिवाळीच्या तोंडावर भैरीच्या घाटातल्या चढाच्या शर्यतीत गाडीसकट गेला. गाडी सुकुमारनं तयार केलेली. दहाव्याच्या दिवसाला तो आला, खाली मान घालून भिंतीकडेला बसला, नैवेद्याला कावळा शिवल्यावर उठून गेला. आक्का त्याला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं, असं त्याला तेव्हापासून वाटत होतं.

आणि आज आला तो यंत्राचा प्रश्न घेऊन.

“सरळच विचारतो मग,” सुकुमार म्हणाला. “नसीम मुजावरची गाडी माझ्याकडं आलीय. तशीच, चारी चाकं ओढणारी. इंजिनावर तसंच काम केलेली. शिमग्यानंतर ती भैरीला शर्यत लावणार. जुना डायनो मी काढून टाकला. नवा बसवल्याशिवाय त्या पोरीच्या गाडीला हात लावणार नाही. तर कुठला बसवू?”

डायनो म्हणजे गाडीची ताकद मोजायचं यंत्र. गाडी जागच्या जागी, चाकं फिरतात, रस्ता मात्र नाही. किती जोर लागला ते पडद्यावर आकड्यात दिसतं. त्या आकड्याकडं बघत इंजिनाला पेट्रोल कमी-जास्त करायचं, ठिणगी मागं-पुढं करायची. सुकुमारच्या धंद्यात यालाच हात म्हणतात.

“जुना का काढलास?”

“दगा दिला त्यानं.”

“काय खोटं बोलला?”

“खोटं म्हणजे… एकाच जोडीचा होता तो. पुढची चाकं रोलरवर, मागची जमिनीवर. चार चाकांची गाडी तशी चालवताच येत नाही. मागच्यांनी ओढलं की गाडी उडी मारून भिंतीवर जाईल. म्हणून मागच्या चाकांना जाणारा मधला शाफ्ट काढला आणि नुसत्या पुढच्यांवर चालवली. सगळेच तसं करतात, आक्का. डायनो तसला असला की दुसरा इलाजच नसतो.”

“शाफ्ट काढून मोजलीस.”

“हो.”

“आणि शाफ्ट लावून दिलीस.”

“…हो.”

“म्हंजे मोजलीस एक गाडी आणि माझ्या पोराला दिलीस दुसरीच.”

“इंजिन तेच होतं.”

“व्हय. इंजन तेच हुतं.”

तिनं हे शांतपणे म्हटलं.

इंजिन तेच होतं, आणि अर्ध्या चढाला त्याचा पिस्टन वितळून सिलिंडरला धरला. इंजिन आवळलं. दोनच चाकं ओढणारी गाडी असती तर उरलेली दोन तरी फिरत राहिली असती, स्टेअरिंगनं थोडंफार ऐकलं असतं. इथं इंजिनाला चारी जोडलेली. ज्या जोरावर ती गाडी सगळ्यांच्या पुढं होती, त्याच जोडणीनं चारी चाकं एका दमात थिजली. रस्ता उजवीकडं वळला. गाडी वळली नाही.

“बरं, आता काय काय मिळतंय ते तरी सांग,” आक्का म्हणाली. “इतका जीव खातोयास तर.”

सुकुमार पुढं सरकला. यंत्रांचं बोलायचं म्हटल्यावर त्याच्या पाठीचा कणा आपोआप ताठ झाला.

“दोन तऱ्हा आहेत. रोलरचा मोठा घेतला तर पुढचे-मागचे रोलर एकमेकांना जोडलेले येतात. चारी चाकं वर घ्यायची, गाडी पट्ट्यांनी आवळून बांधायची. पण टायर तापतात, घसरतात, आकडा हलतो. हबचा घेतला तर चाकंच काढून ठेवायची. चाकाच्या जागी बोल्टनं ब्रेक बसवायचे, चार कोपऱ्यांना चार. घसरायचा प्रश्नच नाही. आकडा पक्का.”

“कमी कुठला दाखवतो?”

“कमी?”

“व्हय, कमी.”

“रोलरचा. टायर थोडं खातात ना.”

“मग त्यो घे.”

सुकुमार हसला. हसू कोरडं होतं, पण हसला. “गिऱ्हाईक कमी आकडा बघायला येत नाही, आक्का. जुन्या रोलरवर बजरंगच्या गाडीनं चारशे दहा हॉर्सपॉवर दाखवले तेव्हा गॅरेजबाहेर बोर्ड लावायला लोकांनीच लावला. आता मी कुणाला साडेतीनशे सांगितले तर दुसऱ्या दिवशी गाडी स्टेशन रोडच्या गॅरेजला. तिथं त्यांचा रोलर इतका हलका आहे की बैलगाडी चढवली तरी दोनशे दाखवेल.”

“जाऊ दे की गाड्या.”

“नसीमपण जाईल.”

आक्कानं आपला कप बशीवर फिरवला.

“ती थांबणारी नाही. मी नाही म्हटलं तर तिकडं जाईल. तिकडं ते आकडा वाढवून देतील आणि ती हसत हसत घाटाला लागेल. बजरंग गेला त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात येऊन म्हणाली, दादा, माझी पण तशीच करा, फक्त माझी टिकली पाहिजे…”

शेडबाहेर एक कुत्रं कण्हत कूस बदलत होतं, तेही ऐकू आलं.

“तुम्ही मला शिव्या तरी द्या,” सुकुमार अचानक म्हणाला. “चार माणसांत द्या. चपलेनं हाणा.”

“शिवी दिली की तू मोकळा हुशील. तेवढं पुण्य मला नगं.”

“मला मोकळं व्हायचं नाही. मला असं यंत्र पाहिजे की पुन्हा असं घडणार नाही.”

“आणि ते मला ठावं असंल, असं तुला कुणी सांगितलं? ठावं असतं तर दिवाळीच्या आधीच नसतं का सांगितलं?”

“मग काय करू मी?” आता त्याचा आवाज चढला. “तुमच्यासारखं धुराचा रंग बघत बसू? दोरीवर मोजू? सांगा ना. तुमच्या या दोरीवर चार चाकांची मोटार मोजता येते काय?”

“न्हाई येत.”

“येते काय?”

“न्हाई म्हटलं न्हवं. कान फुटलं काय?”

भांडणात माणूस जिंकतो तेव्हा त्याला हलकं वाटायला हवं. सुकुमारला वाटलं, आपण रिकाम्या पोत्याला लाथ मारली. एक पोरगी मात्र शिमग्यानंतर घाटाला लागणार होती.

…

मग तानाक्का उठली. गुडघ्यावर हात टेकून, वेळ घेत उठली आणि शेडच्या मागल्या बाजूला गेली. तिथं तपासणीच्या चौथऱ्यावर एक ऑइल इंजिन बसवलेलं होतं. कुणा शेतकऱ्याचं, दुरुस्त होऊन जायच्या वाटेवर.

“चालू कर.”

“आत्ता?”

“न्हाईतर काय आषाढात?”

हे इंजिन मोजायची तऱ्हा सुकुमार झोपेतसुद्धा विसरला नसता. मोठ्या चाकाला जाड सुती दोरीचा वेढा. दोरीच्या एका टोकाला लोखंडी वजनं लोंबकळतात. दुसरं टोक आढ्याच्या कप्पीवरून खाली आणून स्प्रिंगच्या काट्याला अडकवलेलं. चाक फिरायला लागलं की दोरीला घासून वजनं वर उचलतं, काटा दुसरीकडून दोरी ताणून धरतो, वजनं अधांतरी तरंगतात. वजनातून काट्यावरचं वजा केलं की इंजिनाचा जोर कळतो. बापाच्या आधी पोरानं शिकावं इतकी सोपी रीत.

त्यानं हॅन्डल मारलं. इंजिनानं दोन खोकले दिले आणि पकडलं. आख्खी गल्ली रिकामी असल्यामुळं तो ठोका मोठा वाटला, एकटा वाटला.

“काटा काढ,” आक्का म्हणाली.

“काय?”

“काटा काढून ठेव त्या फळीवर.”

“काटा काढल्यावर माप कशानं घ्यायचं?”

“तू हाईस की.”

सुकुमारला काही कळेना. पण या शेडमध्ये ऐकायची सवय हाडापर्यंत गेलेली. त्यानं काटा सोडवून फळीवर ठेवला. दोरीचं मोकळं टोक हातात आलं.

“वजनं भुईवरनं वीतभर वर ऱ्हायली पायजेत. टेकली न्हाई पायजेत.”

त्यानं ओढलं. वजनं उठली. इंजिनाचा ठोका जड झाला. यात काय विशेष, असं त्याच्या चेहऱ्यावर आलंच.

“किती हाय?”

“दहा-अकरा किलो.”

“बरं. आता सांग. हबचा चांगला, असं म्हणत हुतास न्हवं?”

“हबचाच चांगला,” तो म्हणाला. “त्याचं कारण असं की टायरचा संबंधच येत नाही. शिवाय चारी कोपऱ्यांचं वेगवेगळं दिसतं, पुढं किती जातंय, मागं किती जातंय. तुम्ही बघितलात तर तुम्हालासुद्धा…”

धप्पकन आवाज झाला. वजनं भुईला टेकली होती. ओझं सुटलेलं इंजिन मोकळं पळायला लागलं.

“बोलताना सोडतोयास,” आक्का म्हणाली.

त्यानं पुन्हा ओढलं. वजनं उठली. आक्कानं हुकातली सैल चकती नीट बसवली आणि आपल्या स्टुलावर जाऊन बसली. पाठ भिंतीला, डोळे मिटलेले.

“पायथा,” ती म्हणाली.

“काय?”

“तू दोरीकडं बघ. … पायथा. बजरंगानं गाडी सोडली.”

वजनं हिंदकळली, पण टेकली नाहीत.

“सराव करून आला की हितंच बसून सांगायचा. कुठं तिसरा गियर, कुठं चौथा, कुठं वाळू असती. मी कवा घाट बघितला न्हाई. पर तोंडपाठ हाय. … फरशीचा पूल.”

इंजिन एका लयीत राबत होतं. दंड अजून ताजे होते. हे असं बराच वेळ धरता येईल असं सुकुमारला वाटलं.

“हितं तुझा रोलर थांबला,” आक्का म्हणाली.

सुकुमारनं दोरी आणखी घट्ट धरली.

“चारशे धा. आकडा आला, तू पाय काढलास, बजरंग्यानं टाळी वाजवली. मी हुते तिथं. पेढं वाटलंस. गाडी पुलाच्या पुढं गेलीच न्हवती रं अजून.”

बोललं की सुटतं, हे आता सुकुमारच्या हाताला कळलं होतं.

आणि हे खरं होतं. जुना रोलर हलका होता. पाय दाबला की आकडा सर्रकन चढायचा, शेंड्याला टेकायचा, झालं. धरून ठेवायला त्यात काही नव्हतंच. हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं. डोक्यात एका बाजूला पडून होतं, जसं घरात एखादं न लागणारं भांडं पडून असतं.

“कोकमाची बाग,” आक्का म्हणाली. “हितनं चढ लागतो. तिसरा गियर. आता पाय उचलायचा न्हाई.”

वेढा तापला. एरवी अशा वेळी चाकाच्या कडेच्या पन्हाळीत पाणी घालत राहायचं, तेव्हा कुठं दोरी टिकते. पाण्याचा डबा जागेवर होता. त्यात पाणीही होतं. कोरड्या दोरीनं चाकाला मध्येच धरलं आणि वजनं झटक्यानं हातभर वर उडाली. ती परत खाली येताना टोक त्याच्या तळव्यातून खरवडत गेलं.

“पाणी घाला, आक्का.”

“घाटात कोण घालतंय?”

त्यानं पकड बदलली. पुन्हा धरलं. सुती दोरी करपायला लागली की तिचा वास आधी गोड येतो, मग नाकात रुततो. तो आता रुतत होता.

“म्हसोबाचं वळान. … आंब्याची सावली. … सरळ चढ. अजून तिसराच.”

दंडातून दुखणं खांद्यात आलं, खांद्यातून मानेत. घाम डोळ्यांत गेला तरी पुसायला हात नव्हता. दहा-अकरा किलो. हाच भार मघाशी त्याला पोरखेळ वाटला होता. भार वाढला नव्हता. भार तेवढाच होता.

मग त्याला काहीतरी ऐकू आलं. ऐकायला तो तयार नव्हता, पण कान याच शेडमध्ये तयार झालेले. इंजिनाचा ठोका घट्ट झाला होता. आवाजात जी थोडी मोकळी हवा असते ती नाहीशी झाली होती. धुराड्याच्या तोंडाशी धूर काळा पडत चालला होता.

“आवाज बदलला,” तो म्हणाला. दोरी सुटू न देता म्हणाला.

“कवा?”

“आत्ता.”

“पुलाशी बदलला हुता?”

“नाही.”

“बागंशी?”

“नाही. आत्ता बदलला.”

“त्या दिवशी रोलरवर बदलला हुता?”

“नाही, आक्का. … तोवर मी सोडलं होतं.”

आक्कानं डोळे उघडले नाहीत.

“उलटा नाला,” ती म्हणाली.

उलट्या नाल्याचं वळण उजवीकडं जातं. तिथं आता पांढरा चुना लावलेले नवे दगड रचलेत आणि कुणीतरी एका दगडाला शेंदूर फासलाय.

सुकुमारनं तिच्याकडं पाहिलं. आता ती थांबेल असं त्याला वाटलं. थांब म्हणेल, किंवा रडेल, किंवा इतके दिवस न दिलेली शिवी देईल. इंजिन राबत होतं. वजनं अधांतरी तरंगत होती.

…

“टेहळणीचा बुरूज,” आक्का म्हणाली. आवाज तोच. “हितं रस्ता अरुंद हाय. चौथा टाकायचा न्हाई.”

“आक्का, पुरे.”

“बांबूचं बेट.”

“आक्का, इथवर तो आलाच नव्हता.”

“आला न्हवता. … तू धर.”

तळव्यांची आग होत होती की ते बधिर झाले होते, हे त्याला सांगता आलं नसतं. डोळ्यांतून पाणी चाललं होतं. धूर होता; पण धूर मघापासूनच होता. वरचा घाट, ज्याला बजरंगच्या चाकांनी शर्यतीच्या दिवशी स्पर्शही केला नाही, तो सगळा ती बाई मिटल्या डोळ्यांनी एकेक वळण घेत चढत होती आणि पोराला पुढं नेत होती. त्याला पुढं न्यायला फक्त सुकुमारचे हात होते.

“लिंबाचा पार. … धनगराची झोपडी. … हितनं माथा दिसतो.”

“किती राहिलं?”

तिचे डोळे मिटलेलेच होते.

“आक्का, किती राहिलं?”

दोरी सुटली.

त्यानं सोडली नाही, सुटली. वजनं दाणकन भुईला आदळली आणि एक चकती घरंगळत जाऊन भिंतीला टेकली. इंजिनाचं ओझं उतरलं आणि ते एकदम हलकं, खुशीत पळायला लागलं, जसं काही कुठं काही झालंच नाही. त्या दुपारी सुकुमारनं ऐकलेला सगळ्यात भयंकर आवाज तो होता.

आक्का उठली. इंजिन बंद केलं. चाक बराच वेळ आपल्याच नादात फिरलं आणि थांबलं. मग तिनं डबा उचलून चाकाच्या पन्हाळीत पाणी ओतलं. चर्र झालं, वाफ निघाली.

सुकुमार भुईवर बसला होता. दोन्ही तळवे मांडीवर उताणे, दुसऱ्याच कुणाचे असल्यासारखे.

“माझ्यानं होणार नाही,” तो म्हणाला. “मी नसीमला सांगतो. दुसरीकडं जा म्हणतो. मी या कामालाच हात लावत नाही आता.”

“बरं.”

“खरंच सांगतोय.”

“मी कुठं लबाड म्हटलं? सांग तिला. जाईल ती स्टेशन रोडला.” आक्कानं डबा खाली ठेवला. “त्यो किती वेळ धरंल?”

स्टेशन रोडचा रोलर सुकुमारनं पाहिला होता. त्यावर गाडी पुलापर्यंतसुद्धा पोचत नव्हती.

…

“आक्का, मला तुम्ही…”

“ते इचारू नगंस.”

“मी अजून काही विचारलंच नाही.”

“मला ठावं हाय काय इचारणार ते. ते माझ्यापाशी न्हाई. असतं तर दिलं असतं, उगंच ठेवून घेतलं नसतं. माझं घर बघ जा. दुपारचं ताट एकीचंच वाढायचं ध्यानात ऱ्हात न्हाई अजून. त्या घरात तुला द्यायला काय असणार?”

बाहेरचं कुत्रं उठून कुठंतरी निघून गेलं होतं. शिमगा यायचाच होता आणि नसीम मुजावर घाट चढायचीच होती. आक्का आणि सुकुमार, दोघांपैकी कुणाच्या हातात ते थांबवणं नव्हतं. सुकुमारनं कितीही हात झटकले तरी तिची गाडी कुणा ना कुणा यंत्रावर चढणारच होती, आणि दोरी कधी सोडायची हे कुणी ना कुणी ठरवणारच होतं.

त्यानं पुन्हा विचारलं. मघापासून तेच विचारत होता; पण आता मान वर नव्हती आणि उत्तर ठरवून आणलेलं नव्हतं.

“मग कुठला घेऊ?”

तानाक्कानं फळीवरचा काटा उचलला, पदरानं पुसला आणि त्याच्या हातात न देता पुन्हा फळीवर ठेवला.

“दिवाळीपासनं हितं याया तुला जेवढं भ्या वाटलं,” ती म्हणाली, “तेवढं ज्याच्यावर गाडी चढवताना वाटंल, त्यो घे.”